तुळशीचं पान

रायपूर, सोमवार

तीर्थरूप आईस,
कुंदाचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी इथं दवाखान्यात वेळेवर जेवून राहिले, काळजी करू नको. ओवी शाळेत जाते ना? तुझे बाबा बरे होऊन राहिले, असंच तिले सांग.

आई, माझ्या हातून चूक झाली. परवा गोल बाजारातल्या देवळातून तीर्थ आणलं. बरं वाटावं म्हणून तुळशीच्या पानासोबत यांच्या तोंडाशी नेलं. हे माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "काहून? वेळ आली का?" अन् ओठ मिटून घेतले. मरणाऱ्याच्या तोंडातही आपल्याकडे हेच टाकतात, हे मले कसं सुचलं नाही?

दोन दिवस माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. वार्डात रोग्यांशी बोलायला एक दीदी येते, ती हात धरून बसली. तिले म्हणाले, "डर लगता है, दीदी." लग्नाच्या बारा वर्षांत मले असं कधी बोलले नाही.

आज सकाळी त्यांनीच विचारलं, "तीर्थ उरलं का?" मी वाटी पुढे केली, तर म्हणाले, "आधी तू घे. दोघांनी घेतलं की ते तीर्थच राहते."

मी एक घोट घेतला, आई. मग यांनीही घेतलं.

ओवीले पापा.

तुझी,
कुंदा