बुडबुड्यांनी खाल्लेलं पातं

अहो,

मंगळवार, ९ तारीख, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. या वेळी तुम्ही आपल्या लेकीला फोनवर सांगितलंत, "छातीत जरा दुखलं, पण तुझ्या आईला सांगू नकोस." फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारीच मटार सोलत होते.

मी इथे लेकीकडे मजेत आहे. काल तिने तिचं वर्कशॉप दाखवलं. जाड काचेपलीकडे ज्योतीतून कठीण धातूची पूड उडत होती आणि पंपाच्या पात्यावर चांदण्यासारखी बसत होती. बघता बघता मला गुंगी आली. बाजूला एक जुनं पातं पडलं होतं, मधाच्या पोळ्यासारखं पोखरलेलं.

"हे कशानं गं?"

"बुडबुड्यांनी, आई. पाण्यात पात्याला लागून फुटतात. दिसत नाहीत, पण पोलाद खातात. म्हणून हा लेप. पण आधी पातं खरवडावं लागतं, गुळगुळीतावर लेप धरत नाही."

"तुझ्या बाबांना मी जन्मभर असंच खरवडतेय," मी म्हटलं. ती हसली आणि मग डोळे पुसत बसली.

आज दुपारी डोळा लागला, तर तुम्ही पाण्याखाली आरामात पेपर वाचत होतात. मी हाक मारली. "काही नाही, बरं आहे," म्हणालात आणि तोंडातून एक बुडबुडा निघाला.

कुंड्या वाळल्या तर वाळू देत, गच्चीचा जिना चढू नका. डॉक्टरांकडे जा आणि ते काय म्हणाले ते स्वतःच्या हाताने लिहून शनिवार, २० तारखेच्या आत पोचवा. फोन चालणार नाही, फोनवर तुम्ही फार गुळगुळीत बोलता. पत्र नाही आलं, तर रविवारी मी निघाले.

तुमची,
खरखरीत