रविवारचा फोन

आईच्या लाडक्या धाकटीस,

आईला न्हाऊ मी घालते, नखं मी कापते, आणि कौतुक मात्र रविवारी दहा मिनिटं फोनवर गोड बोलणाऱ्या तुझं. मग आठवडाभर तेच पुराण: "धाकटीचा आवाज ऐकला की बरं वाटतं." माझा आवाज काय फाटका आहे?

म्हणून गेले तीन रविवार आईचं कानातलं यंत्र माझ्या कपाटात आहे. तिला सांगितलं, दुरुस्तीला दिलंय. तुला सांगितलं, ती झोपली आहे. नन्सच्या शाळेत शिकलेली मी, इतकं सफाईदार खोटं कुठे शिकले कोण जाणे!

आज सकाळी तपासणीला नर्स आली. म्हणाली, "ताई, जरा बाहेर थांबा. सगळ्यांनाच सांगते." माझ्याच घरात मला! मी दाराला कान लावला. तिने ओरडून विचारलं, "आजी, घरात कोणी त्रास देतं का?"

आई म्हणाली, "यंत्र मोठीच्या कपाटात आहे, मी पाहिलंय. पण मागायची भीती वाटते."

मी यंत्र आणून तिच्या कानात घातलं, तेव्हा तिने अंग चोरलं. नर्सने ते पाहिलं, वहीत लिहिलं, आणि बुधवारी पुन्हा येते म्हणाली. येऊ दे.

हे पत्र तुला पाठवायचं धाडस माझ्यात नाही. उद्या तुझा फोन येईलच. तो आईच्या हातात देऊन मी बाहेर बसेन. जळफळेन, पण दाराला कान लावणार नाही.

तुझी,
फाटक्या आवाजाची थोरली