न खरवडलेली भिंत

मी, भिवा तुकाराम ओव्हाळ, वय त्रेसष्ट, धंदा वायरमन (आता बंद), राहणार भोसरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला माझ्याकडे कोणी येतच नाही.

शुद्धीचा दाखला मुद्दाम सगळ्यात वर लावला आहे, कारण माझी बायको गिरजा हिला तो मिळाला नव्हता. भाजलेल्या अवस्थेत तिने जबाब दिला होता, "खिडकीतून उजेडाचा गोळा आला. ह्यांनी काही केलं नाही." लिहून घेणाऱ्याने लिहिलं की रुग्ण भ्रमात आहे. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि तिचं खरं बोलणं तिच्याबरोबर गेलं.

१. माझी एकुलती एक मुलगी मैत्री हीच माझी वारस. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिचा मामा धनेश तिला राजगुरुनगरला घेऊन गेला आणि "बापाने आईला जाळलं" एवढं एकच वाक्य शिकवून त्याने तिला वाढवलं. आज ती चाकणला विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या तपासणारी इंजिनीअर आहे. माझं जे काही आहे ते सगळं तिचं. "बापावर विश्वास ठेवलास तर" अशी अट मी घालणार होतो. वकील म्हणाले, अशी अट कोर्टात टिकत नाही. ती घरातही टिकत नाही, वकीलसाहेब.

२. भोसरीची खोली. हीच ती खोली. तेव्हा भाड्याची होती. सुटून आल्यावर मी घरमालकीण इंदुताईंकडून ती विकत घेतली. लोक म्हणाले, बायको जिथे जळाली तिथेच राहतो, काळीज आहे की दगड! कारण खाली सांगतो.

ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. पाऊस थांबला होता, विजा चालू होत्या, लाइट गेलेली. मैत्री इंदुताईंकडे खेळत होती. मी नुकताच कामावरून येऊन दारात चप्पल काढत होतो. खिडकीच्या काचेतून नारळाएवढा पिवळा गोळा आत आला. पडला नाही, तरंगत आला. गिरजा उठून उभी राहिली, तिच्या पदराला तो लागला आणि भिंतीवर जाऊन फुटला. मी गोधडी टाकली तोवर व्हायचं ते झालं होतं. काचेला वाटीएवढं गोल भोक पडलं होतं आणि भिंतीवर काळा डाग होता. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता. रॉकेलचा डबा कोपऱ्यात होता. तेव्हा तो घरोघरी असायचा.

मी दवाखान्यात होतो तेव्हा इंदुताईंनी भिंत घासून धुतली, वर चुन्याचा हात मारला आणि नवी काच बसवून घेतली. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा खोली लख्ख होती. "पोर घरी आली की तिला दिसाया नको, म्हनून पुसलं रं बाबा," असं त्या रडत म्हणाल्या. त्या माउलीला मी काय बोलणार? कोर्टात त्यांना एकच विचारलं, गोळा डोळ्यांनी पाहिला का? त्या म्हणाल्या, न्हाई.

माझे तेव्हाचे वकील म्हणाले, "स्टोव्ह भडकला म्हण आणि मोकळा हो." मी नाही म्हणालो. बायका जाळणारे सगळे स्टोव्हच सांगतात. शेजारपाजारचे म्हणाले, करणी असेल, देवऋषाला विचार. करणी म्हणालो असतो तर निम्म्या आळीने मान डोलावली असती. पण मी बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेला माणूस, वीज म्हणालो. मग सरकारी वकील हसून म्हणाले, "तुम्ही वायरमन ना? मग समजावून सांगा ती कशी आली." मला सांगता आलं नाही. पुढे कॉलेजातल्या एका प्रोफेसरांना विचारलं. ते म्हणाले की असे गोळे लोकांनी पाहिलेत, पण ते का होतात हे नक्की कोणालाच माहीत नाही. मग त्यांनी विचारलं, ती काच आहे का तुमच्याकडे?

काच कुठली असायला! संशयाचा फायदा देऊन मला सोडलं. तोच फायदा आजवर खातो आहे.

३. मेव्हणा धनेश याला काही नाही. पहिल्या मसुद्यात त्याला शिव्या होत्या, त्या काढल्या. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने "गोळा आला" म्हटलं असतं तर मीही त्याची गचांडी धरली असती.

४. हत्यारं, म्हणजे पक्कड, टेस्टर, ड्रिल मशीन आणि शिडी, चिमाजीला. मी कामाला होतो त्या वर्कशॉपात माझ्याशेजारी बसून डबा खाणारा तो एकटाच. शिडीची तिसरी पायरी हलते रे, बघून चढ.

५. मोबाइल कोणालाही देऊ नये, फोडून टाकावा. तीस वर्षं मी वाट पाहिली की असा गोळा कधीतरी कोणाच्या तरी कॅमेऱ्यात सापडेल. मागच्या पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आला. तस्साच! पिवळा, तरंगणारा, खिडकीतून शिरणारा. पुढचामागचा विचार न करता मैत्रीला पाठवला, खाली लिहिलं, "बाळा, हाच तो." तिचं उत्तर आलं. जन्मात तिने मला लिहिलेला हा एकच मजकूर: "हा व्हिडिओ एआयने बनवलेला आहे. आईच्या नावावर असलं काही पुन्हा पाठवू नका."

ती बरोबर होती, मी खात्री करून घेतली. हात दाखवून अवलक्षण! आता उद्या कोणी खराखुरा गोळा टिपला तरी लोक म्हणणार, बनवलाय. माझी शेवटची आशाही गेली.

मैत्री, तुमच्या कंपनीत एक बॅटरी पेटली तर साहेब लोक लॅपटॉप घेऊन बसतात आणि कारण सापडल्याशिवाय उठत नाहीत म्हणे. तुझ्या आईसाठी कोणी बसलं नाही गं.

६. मला विद्युतदाहिनीत घालू नये. वीज आमच्या घरी एकदा आली तेवढी पुरे. लाकडं चालतील. पुण्यानुमोदनाला जेवणावळ नको, येणार कोण?

७. आता खोली का घेतली ते. डाग इंदुताईंनी घासला, तरी पुरता गेला असेलच असं नाही. चुन्याखाली काही उरलं असेल. खिडकीसमोरच्या त्या भिंतीला मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, आणि स्वतःही ती खरवडली नाही. कितीदा तरी खरवडायचा पत्रा हातात घेतला आणि ठेवून दिला. खाली काही निघालं नाही तर? मग मीही स्वतःला विचारू लागेन की भिवा, खरंच काय पाहिलंस? तेवढं माझ्याच्याने सोसवणार नाही. मैत्री, ती भिंत मी तुला आहे तशी देत आहे. खरवड, नाहीतर खोली विकून टाक. आता तुझी मर्जी.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले. राजीखुशी हा शब्द वकिलांचा.

काल वकिलांनी साक्षीदारांना समजावून सांगितलं की उद्या भिवा तुमच्यासमोर सही करतील, एवढ्यालाच तुम्ही साक्षी. आतला मजकूर खरा की खोटा, त्याच्याशी तुमचा संबंध नाही. इंदुताईंनी विचारलं, "आन भिंतीवरचा त्यो डाग? त्यो म्या पाह्यलाय की, वकीलसायेब. भोक बी पाह्यलंय."

वकील म्हणाले, "आजी, त्याची इथे गरज नाही. उद्या फक्त अंगठा करा."

भोसरी, दि. १७ नोव्हेंबर २०२५

भिवा तुकाराम ओव्हाळ (सही)

साक्षीदार, फक्त सहीपुरते:
१. इंदुताई नामदेव लोंढे (डाव्या हाताचा अंगठा)
२. डॉ. दिग्विजय रणसिंग (सही)