माझ्या मागे लागलेल्या माणसाबद्दल एक दुरुस्ती

उत्सकार, ३ ऑगस्ट

प्रिय तोरामावशी,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? इकडे बाबा बरे आहेत, बकऱ्याही बऱ्या आहेत. मी तेवढी बरी नाही, पण ते पुढे येईलच. आधी एक दुरुस्ती. सुनबेर्गला बसमधून उतरल्यावर एक माणूस माझ्या मागे लागला, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. मी त्याच्या मागे लागले होते. (उलटं लिहिलं की वाक्य जरा बरं दिसत होतं.) आता तू पोलिसांकडे जाणार म्हणतेस, म्हणून खरं सांगणं भाग आहे.

सगळं नीट सांगते. बस परदेशी पाहुण्यांनी खचाखच भरली होती, म्हणून मी खिडकीशी आणि तो माझ्या शेजारी, असं नाइलाजाने बसावं लागलं. (नाहीतर जागा मोकळी असताना आपल्याकडे अनोळखी माणसाला खेटून कोण बसतं?) बस फेरीबोटीवर चढली तेव्हा आम्ही वर जाऊन लोणी-साखर लावलेली घावनं खाल्ली, अर्थात वेगवेगळ्या टेबलांवर, आणि परत येऊन पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलो. इथवर सगळं रीतसर होतं. तुझं होल्मेवोग जवळ आलं तशी मी जॅकेटची चेन वर ओढली आणि पिशवीचा आवाज केला. (माणसाने याहून स्पष्ट काय बोलायचं?) त्यानेही लगेच चेन ओढली आणि पिशवी मांडीवर घेतली. म्हणजे यालाही इथेच उतरायचंय! मला हायसं वाटलं, आता बस थांबवायची घंटी हा दाबेल. त्याला वाटलं, बटण खिडकीशी आहे, तर ही दाबेल. समोरच्याच्या आधी हात पुढे करणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही दोघंही चेन खालीवर करत राहिलो. शेवटी ड्रायव्हर मागनहिल्ड आरशात बघून ओरडली, “काय गं इंगुन, दोघं मिळून मागे तंबू ठोकताय का?” सगळी बस वळून बघायला लागली. मग तर मला बटणच दिसेना. तेवढ्यात फाटकाशी झाकलेला केक घेऊन उभी असलेली तू दिसलीस. मी तुला हात केला. तूही केलास. बस पुढे निघून गेली.

मावशी, तुला माहीत आहे, दहा वर्षांची होईपर्यंत आईने मला घरीच शिकवलं. काही हवं असलं तर तिला माझ्या तोंडाकडे बघूनच कळायचं. त्यामुळे मागायचं कसं, हा धडा राहूनच गेला.

सुनबेर्गला मागनहिल्ड म्हणाली, “उतरा आता. पुढे समुद्र आहे, आणि माझ्या बसला पोहता येत नाही.” परतीची बस थेट दुसऱ्या दिवशी, पण दुपारी बोट होती. तो आधी उतरला आणि ताडताड चालू लागला. एवढा ठाम चालतोय म्हणजे याला बोटीचा धक्का ठाऊक असणार, म्हणून मी मागोमाग. (नंतर कळलं, मागून कोणीतरी येतंय म्हणून त्याला थांबायचा संकोच वाटत होता.) चर्चला आमच्या प्रदक्षिणा सुरू झाल्या. अखेर कब्रस्तानाच्या भिंतीशी तो वळला. कान लालभडक झाले होते.

“तुम्ही कोणाला शोधताय का?”

“नाही. तुम्ही?”

“मला तर होल्मेवोगलाच उतरायचं होतं.”

“मलाही.”

“अरे देवा,” तो म्हणाला. मग त्याने डबा उघडून तपकिरी चीज लावलेला अर्धा पाव माझ्या बाजूला सरकवला. त्याचं नाव हाल्वार.

बोटीवरून धबधबा दिसला की सगळे पाहुणे कॅमेरे घेऊन डाव्या बाजूला पळायचे. आम्ही दोघं उजवीकडेच बसून राहिलो. तिकडे नुसता काळा कातळ होता. इतका सुंदर कातळ मी कधी पाहिला नव्हता. होल्मेवोगला तो “तर मग,” म्हणून उतरला. मलाही तिथेच उतरायचं होतं, पण एकाच दिवसात त्याच्या मागोमाग पुन्हा उतरायचं? काय म्हणाला असता? मी बसून राहिले आणि घरी आले. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल दूध काढून बादली तशीच गोठ्यात विसरले. बाबांनी दोनदा माझ्याकडे बघितलं.

केकबद्दल क्षमा असावी.

तुझी,
इंगुन

ता.क. तक्रार केली असलीस तर आजच्या आज मागे घे. आणि दारावरून जाताना दिसला तर त्याला कॉफीला बोलावू नकोस. तू त्याला सगळं सांगून टाकशील.

ता.क. २. मागनहिल्डने मी न विचारताच सांगितलं, की तो बोटींना वाट दाखवणारे खडकांवरचे दिवे दुरुस्त करतो, दर गुरुवारी सकाळच्या बसने होल्मेवोगला येतो, आणि महिनाअखेरीला कायमचा उत्तरेकडे चाललाय. म्हणून एक विनंती. बाबांना फोन करून मला आठवडाभर तुझ्याकडे बोलावून घे. कारण काहीही सांग, फक्त ते खरं असू दे. (तुझी जळाऊ लाकडं रचायची असतीलच ना?) रडत आले तर काही विचारू नकोस.

ता.क. ३. पाहुणे पुढच्या आठवड्यात परत जातात, मग ती बस जवळजवळ रिकामी धावते. तो माझ्या आधीच्या थांब्यावर चढतो. सगळ्या जागा मोकळ्या असताना मी सरळ जाऊन त्याच्या शेजारी बसणार आहे. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे, आणि त्यालाही असेल. तेव्हा बोलावणं गुरुवार, १४ ऑगस्टचंच असू दे.