उतरवलेली पट्टी

बॉन, शनिवार, १२ नोव्हेंबर २०१६

आज गायले. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, आणि एकटीने.

आमच्या कॉयरचा कार्यक्रम पन्नासच्या दशकातल्या एका अमेरिकन गायिकेवर होता. रेडिओमुळे ती घराघरांत पोचली, ऐन भरात गळ्याच्या ऑपरेशनने तिचा आवाज गेला, आणि काही वर्षांनी ती पुन्हा गायला लागली. तिचं परतल्यानंतरचं पहिलं गाणं आमच्या संचालिकेने, रेनाटेने, मला दिलं. दया म्हणून दिलं का? आठवडाभर हेच डोक्यात. आणि तो वरचा सूर. पूर्वी सहज लागायचा, आता तिथे नुसती हवा येते.

दुपारच्या तालमीतही हवाच आली. मी रेनाटेला म्हटलं, "दुसऱ्या कुणाला तरी दे हे."

"हे बघ, त्या गायिकेला तरी तो सूर परत कुठे लागला?" ती म्हणाली. "तिने पट्टी उतरवली. आपणही उतरवू."

एवढंच? मी मात्र सगळा उन्हाळा जुना आवाज शोधत बसले होते.

संध्याकाळी खालच्या पट्टीत गायले. आवाज जाडसर लागला, मध्ये जरा घोगरा झाला, पण शेवटपर्यंत टिकला. वरच्या सुराची आठवणसुद्धा झाली नाही.

घरी भांडी आवरताना गुणगुणत होते. मीरा टीव्हीसमोरून वैतागून ओरडली, "मामा, लाइझर!" म्हणजे, आई, हळू.

ऑपरेशनपासून घरात सगळे माझ्याशी जपून बोलतात. आज लेकीने मला गप्प केलं. फार बरं वाटलं.