खालून वर वाचायची पाटी

मिलबर्न, इंडियाना
सोमवार, शाळा सुटल्यावर

तीर्थस्वरूप आर्डिसताईस,

धाकट्या लाइलचा गॅरेजच्या पायरीवर बसून केलेला नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचलंस की तूच ते खोडशील. तुझा गुडघा कसा आहे? मर्लभाऊजींनी छपरावर चढणं सोडलं का? (सोडलं नसेल तर त्यांना सांग, की पडणारे बहुतेक सगळे जण ‘इतकी वर्षं चढतोय’ असं म्हणतच चढलेले असतात.) पीचच्या मुरंब्याची बरणी न फुटता पोचली. तुझ्या भावजयीने, नेडीनने, अर्धी संपवली, उरलेली माझ्या हातून सांडली. का सांडली, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. शाळेतल्या पोरांना गाडी शिकवण्यात माझा जन्म गेला. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो मी आयुष्यभर इतका दाबलाय, की चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन भरकटायला लागलं तरी माझा उजवा पाय आपोआप पुढे जातो. अशा माणसाने सत्तर सालची, दांडग्या इंजिनाची, सुसाट पळणारी मसल कार विकत घेतली, हे ऐकून तू फोनवर हसलीस, आणि मीही हसलो. पण का घेतली ते तेव्हा सांगितलं नाही. आमची लेक ट्रीना ओरेगनला गेली, नेडीन पोस्टातून निवृत्त झाली, आणि आमच्या घरात जेवताना फक्त काट्या-चमच्यांचा आवाज उरला. एकदा मीटलोफ वाढता वाढता ती म्हणाली, “लाइल, आपण मेलोबिलो तर नाही ना? आणि कुणी सांगायचं राहून गेलंय?” मी हसण्यावारी नेलं. पण ताई, त्या दिवसापासून, ही बाई एखाद्या सकाळी बॅग भरून निघून जाईल आणि मी खिडकीतून तिने सिग्नल दिला की नाही एवढंच बघत बसेन, अशी भीती वाटायला लागली.

म्हणून गाडी. लग्नाआधी नेडीनला असल्या गाड्यांचं वेड होतं (कोणाच्या गाडीत बसून फिरायची ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही). आता खरी मसल कार म्हणजे रस्त्यावर सोडलेला वळू. पण आमच्याकडे एक सोय असते. साधी, गरीब इंजिनाची गाडी घ्यायची, तिला काळे पट्टे मारायचे, बॉनेटवर दांडगे बिल्ले चिकटवायचे, आणि लांबून बघणाऱ्याची छाती दडपवायची. शौकीन लोक असल्या सोंगाला तुच्छ मानतात. अख्ख्या इंडियानात मुद्दाम सोंगच हवं म्हणून हिंडणारा माणूस मी एकटाच असेन. ते मला मक्याच्या शेतावरच्या हार्लन टिकनरकडे सापडलं. तो म्हणाला, “मास्तर, तुमच्यापासून कशाला लपवू? नुसते पट्टे आहेत हो. आत म्हातारीची गाडी आहे.” मी त्याला मिठी मारायचीच बाकी होती.

घरी आल्यावर नेडीनने विचारलं, “खरी आहे?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे काय! अस्सल!” ती हसली, ताई. कित्येक महिन्यांनी, दात दिसेपर्यंत हसली. ते हसू बघितल्यावर खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत जातोय. मी पेडलला अंड्यासारखा जपून पाय लावतो, गाडी गुरगुरते पण ऐकते. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. वाटलं, म्हातारीच्या गाडीला खोकला असेल.

काल पॅनकेक नाश्त्याला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये फळा लावला होता. येत्या शनिवारी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती आहेत, ज्याला पळवायची त्याने नाव लिहायचं. नेडीनने सगळ्यांदेखत खडू उचलून लिहिलं, ‘लाइल प्रुइट, अस्सल.’ मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हातारीची गाडी आहे, सावकाश जाईल, हरू, लोक हसतील, घरी येऊ. तरी घरी आल्यावर सहज खात्री करावी म्हणून बॉनेट उघडलं. आत कडेला एक पत्र्याची पाटी असते, बोटाएवढी रुंद, तिच्यावर कारखान्याने अक्षरं नि आकडे ठोकलेले. गाडी बनवताना तिच्यात काय काय घातलं, त्याची ती जन्मपत्रिका. वाचनालयातून अर्थ लावायचं पुस्तक आणलं होतं, ते चाकावरच्या पत्र्यावर ठेवलं, शेजारी मुरंब्याची बरणी घेतली, आणि सगळे शहाणे लोक वाचतात तसा वरून सुरुवात केली.

काय सांगू, वरच्या ओळी म्हणजे सद्गुणांची यादी. पट्टे. साधा रेडिओ. छपराच्या कडेला चकचकीत पट्टी. वायपरला कमीजास्त वेग (हे वाचून माझा ऊर भरून आला, पावसात किती उपयोगी!). मी चमचा चाटत खाली येत होतो. मग पुस्तकाच्या पहिल्याच पानावर, जे मी गडबडीत उलटलं होतं, एक ओळ दिसली, की पाटी खालून वर वाचावी, कारण महत्त्वाचं सगळं तळाशी असतं. मी तळाशी गेलो. ई-८७. पुस्तक म्हणालं, सर्वांत दांडग्या इंजिनांपैकी एक, त्याला पेट्रोल पाजायला तीन कार्ब्युरेटर. हळू चालवली तर फक्त मधला जागा असतो, जोरात पाय दिला की बाकीचे दोघे एकदम उठतात. म्हणजे महिनाभर मी दोन झोपलेल्या राक्षसांना आइस्क्रीम खायला नेत होतो! वर ए-३३, म्हणजे मागच्या चाकांचा आस खास शर्यतीचा. मी ब्रेकचा कोड शोधला. नव्हता. जे जास्तीचं घातलेलं नाही त्याचा कोडच नसतो. म्हणजे एवढ्या वळूला थांबवायला साधे ड्रम ब्रेक, आणि त्यांना मदत करायला फक्त माझा पाय. बरणी तेव्हा सांडली.

एखादा माणूस खोटी गाडी खरी म्हणून गळ्यात पडल्यावर रडतो. मी खोटं बोललो आणि ते खरं निघालं, आता मी कुणाकडे रडू? हार्लनला सांगितलं तर तो स्वतःच्या डोक्यात फावडं घालून घेईल. नेडीनला ‘नाही पळवत’ म्हटलं तर पुन्हा ते काट्या-चमच्यांचं जेवण. आणि पळवली तर... ताई, मला नुसती गंमत म्हणून भीती वाटत नाहीये. काल अंथरुणावर पडल्या पडल्या माझे पाय गार पडले होते. मला मरायचं नाही, आणि तिने जायला नको. या दोन्ही गोष्टी एकाच शनिवारी सांभाळायच्या म्हणजे माझ्या कुवतीबाहेरचं आहे.

भाऊजींना नमस्कार. मांजराला कुरवाळणे.

तुझा,
लाइल

ता. क. खरं काम राहिलंच. शुक्रवारी संध्याकाळी नेडीनला फोन करून तू अत्यवस्थ आहेस असं सांग. आजार तुझ्या आवडीचा निवड, फक्त आम्हाला दोघांनाही ताबडतोब नेब्रास्काला बोलावण्याइतका गंभीर हवा. आपण तुझी साधी गाडी घेऊन येऊ... म्हणजे, आम्ही आमची साधी गाडी घेऊन येऊ. बघ, लिहितानाही डोकं कसं चालत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात नेडीन गॅरेजमध्ये आली. मी सगळं बोलून टाकलं, सोंग, हार्लन, ई-८७, सगळं. ती शांतपणे म्हणाली, “ती पाटी मी पहिल्याच दिवशी वाचली. खालून.” मी म्हटलं, “मग फळ्यावर माझं नाव का लिहिलंस? स्वतःचं लिहायचंस!” तर म्हणाली, “मला चालवायची भीती वाटते, लाइल. कधीपासूनच वाटते. त्या वेळी ज्याच्या शेजारी बसायचे, त्याला कशाचीच भीती नव्हती, म्हणून त्याच्याशी लग्न केलं नाही. मला एकदा तरी ते दोघे झोपलेले उठवायचेत. पण शेजारी असा माणूस हवा जो थांबायचं कुठे ते आधी बघतो.” मग तिने माझा हात धरला. तिचेही हात गार होते. तेव्हा ताई, फोन करू नकोस. शनिवारी आम्ही जातोय.

ता. क. ३. तरीपण, शुक्रवारपर्यंत तुला आपलं आपणच काही झालं, तर आमच्यासाठी मुळीच लपवू नकोस.