साजिद बघतो कुठे?

समद,
सलाम.

आपल्या फुटबॉल क्लबचा नवा गोली साजिद एकोणीस वर्षांचा आहे. खालचे अवघड फटके अडवतो आणि डोक्यावरून आलेला साधा बॉल सोडतो. रविवारी फायनल आहे, सगळे म्हणतात, बदला त्याला. मला मात्र कोडं पडलं.

विचारलं, "बॉल येताना तू बघतंस खंय?"

"खाली, चाचा. रोज खाडीत जाळा टाकतंय. मासो पाण्यात दिसता, आभाळात नाय."

मी त्यालाच उभा करणार आहे. तोवर त्याला मान वर करायला शिकवीन.

वीस वर्षांपूर्वी तुझ्या हातून सुटलेल्या एका गोलपायी मी तुला संघातून काढलं. तू वेंगुर्लेच सोडलंस.

समद, तेव्हा तू कुठे बघत होतास? मी विचारलंच नाही.

तुझा पत्ता मागायचा धीर नसलेला भाऊ,
हसन